जिना चढून वर या : घरांची पाहणी करणाऱ्या महापालिका अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांचे आयुक्त, शहर अभियंते, प्रभाग कार्यालयांचे सहायक आयुक्त,
आणि मुख्यतः पाहणीला प्रत्यक्ष येणारे कनिष्ठ अभियंते

विषय : धोकादायक इमारतींच्या नोटिसा आणि त्याआधीची स्थळपाहणी

सप्रेम नमस्कार,

मी जुन्या गावठाणातल्या एका वाड्यात राहते. दगडी जोतं, पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर कडीपाट म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, त्यावर मंगलोरी कौलं. अकरा बिऱ्हाडं आहोत, सगळे भाडेकरू. १९८९ साली लग्न होऊन मी इथे आले. तेव्हापासून उन्हाळा सरत आला की वाड्याच्या दारावर महापालिकेची नोटीस लागते. कधी मे महिन्यात, कधी पाऊस सुरू झाल्यावर. मजकूर तोच, सहीचा शिक्का तेवढा बदलतो.

नोटीस देऊ नका, असं मी म्हणत नाही. माझ्या डोक्यावरची तुळई कधी दगा देईल हे मला कळत नाही, तुम्हाला कळतं. म्हणून तर कायद्याने ते काम तुमच्याकडे दिलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की नोटिशीवर सही करण्याआधी घर आतून बघा, काय दिसलं ते खोलीवार लिहा आणि त्याची प्रत आम्हाला द्या.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. मे महिना, सकाळचे साडेअकरा. दोघे जण आले. एकाच्या हातात रजिस्टर, दुसऱ्याच्या हातात मोबाइल. चौकात तुळशीवृंदावनापाशी उभे राहिले, मान वर करून कौलांकडे बघितलं, चार फोटो काढले. मी वरून हाक मारली, "या ना वर, मागची भिंत दाखवते, ती फुगलीय." "नको मावशी, अजून बरीच ठिकाणं बाकी आहेत," म्हणाले आणि गेले. सहा-सात मिनिटं झाली असतील.

त्या पाहणीची नोटीस आमच्या दारावर डकवली १८ जुलैला, पावसाची झड लागून दोन दिवस झाल्यावर. वरची तारीख होती २० मे. मजकूर छापील होता, रिकाम्या जागा पेनाने भरलेल्या : "सदर इमारत जीर्ण, मोडकळीस आलेली व रहिवासास धोकादायक असल्याचे स्थळपाहणीत आढळून आले आहे. तरी धोकादायक भाग तात्काळ उतरवून घ्यावा, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण जबाबदार राहाल."

धोकादायक भाग कोणता? वाड्यात सत्तावीस खोल्या आहेत. पुढचा सोपा (ओसरी), मागची पडवी, दोन जिने, चार सामायिक मोऱ्या. यातलं काय उतरवायचं? माहितीच्या अधिकारात मी स्थळपाहणी अहवालाची प्रत मागितली. तीस दिवस संपता संपता उत्तर आलं : "असा स्वतंत्र अहवाल अभिलेखात आढळून येत नाही." अपील केलं. रजिस्टरमधल्या एका ओळीची झेरॉक्स मिळाली. त्यात घर क्रमांक, मालकाचं नाव आणि पुढे 'धोकादायक' हा एक शब्द. अकरा कुटुंबांचं राहतं घर त्या एका शब्दावर तोललेलं आहे, हे त्या दिवशी मला कळलं. मग मी कायदा वाचायला बसले. वकिली शिकलेली मी नाही, पण मराठीत उपलब्ध आहे तो अधिनियम कोणालाही वाचता येतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम २६४ बघा. मोडकळीला आलेल्या, पडण्याचा संभव असलेल्या बांधकामाबद्दल आयुक्त मालकाला किंवा भोगवटादाराला, म्हणजे जागेत राहणाऱ्याला, लेखी आदेश देऊ शकतात. पाडून टाका, एवढंच सांगायची मुभा त्यात नाही. ते सुरक्षित करा, दुरुस्त करा, असंही सांगता येतं. म्हणजे कायद्याने तुमच्या हातात तीन-चार क्रियापदं दिली आहेत आणि छापील नमुन्यात एकच उरलंय : 'उतरवून घ्यावा'. कोणतं क्रियापद कुठे लावायचं, हे घर बघितल्याशिवाय ठरणार कसं? टेकू देऊन जी तुळई वीस वर्षं टिकेल तिच्यासाठी आणि जी उद्या बसेल तिच्यासाठी एकच वाक्य कसं चालेल? त्याच अधिनियमात इमारत रिकामी करायला लावण्याचा अधिकार कलम २६८ मध्ये वेगळा आहे आणि तीस वर्षांवरच्या इमारतींच्या संरचना तपासणीचं कलम २६५-अ वेगळं. रोगनिहाय औषधाची मात्रा वेगळी, तशी ही कलमं.

घरात शिरायचा अधिकारही तुम्हाला आहे. मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमात कलम ४८८ आहे, १९४९ च्या अधिनियमातही त्याच धर्तीची तरतूद आहे. पाहणीसाठी अधिकारी कोणत्याही इमारतीत जाऊ शकतात. मात्र सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत, राहत्या घरात भोगवटादाराची संमती घेऊन नाहीतर त्याला आधी लेखी सूचना देऊन. बायकांच्या खोल्या असतील तर त्यांना बाजूला होता येईल एवढा वेळ देऊन. राहणाऱ्यांच्या सामाजिक, धार्मिक चालीरीतींचा मान राखून. १८८८ साली हे लिहिणाऱ्यांनी दोन्ही बाजू किती बारकाईने बघितल्या होत्या! सरकारी माणूस घरात येणार, पण घर घरच राहणार. ही तरतूद वाचताना मला वाटलं, चौकातून फोटो काढून जाणाऱ्यांनी आमच्या खासगीपणाचा मान राखला असं कोणी म्हणेलही. पण ज्या कामासाठी हा अधिकार दिला होता, ते काम राहूनच गेलं.

आणि काम कसं होतं, तेही मी पाहिलंय. म्हणूनच हे पत्र लिहिण्याचं बळ आलं.

त्या जुलैच्या नोटिशीनंतर आम्ही अकराही जणांनी सह्या करून अर्ज दिला की तारीख कळवून पाहणी करा, आम्ही सगळी दारं उघडी ठेवतो. दोन महिने काही नाही. मग सप्टेंबरात एक तरुण कनिष्ठ अभियंता आला. नवीनच बदलून आला होता. बरोबर एक मुकादम. पोरगा आल्या आल्या म्हणाला, "काकू, आधी वरचा मजला दाखवा, खालचं खाली जाताना बघू." हातात छोटी हातोडी, खिशात लांब स्क्रूड्रायव्हर आणि बॅटरी. प्रत्येक खोलीत तो भिंतीवर हातोडीने टकटक करत फिरला. गिलाव्याचा भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक त्याने आमच्या शेजारच्या आजोबांनाही ऐकवला. तुळयांची टोकं भिंतीत शिरतात तिथे तो मुद्दाम थांबायचा. म्हणाला, लाकूड मधे सहसा मरत नाही, भिंतीत घुसलेल्या टोकाशी मरतं. तिथे ओल धरते आणि दिसत नाही.

उत्तरेकडच्या खोलीत सामायिक मोरी आहे. तिच्या खालच्या मजल्यावर उभं राहून त्याने कडीपाटाची एक फळी बाजूला केली, स्क्रूड्रायव्हर तुळईच्या टोकात दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला काळपट ओला भुसा चिकटलेला. खोलीत सहा जण होतो, कोणी बोललं नाही. त्या तुळईच्या बरोबर खाली एका घरातला पाळणा टांगलेला होता.

त्याने तिथेच पाटावर बसून लिहिलं. मी ते पान जपून ठेवलंय : "पहिला मजला, उत्तरेकडील सामायिक मोरीखालील मुख्य तुळई पश्चिम टोकाशी पूर्ण कुजलेली. आजच्या आज दोन टेकू देणे. मोरीचा वापर तात्काळ बंद करणे. लगतच्या दोन खोल्या रिकाम्या करणे. पूर्व सोपा व दक्षिण बाजू : दुरुस्तीयोग्य." खाली त्याची सही, मुकादमाची सही आणि आमच्यापैकी दोघांच्या सह्या. संध्याकाळी टेकू बसले. पाळणा त्याच दुपारी उतरवला होता.

तीस-बत्तीस वर्षांच्या नोटिसांनी जे झालं नाही ते दीड तासाच्या पाहणीने झालं. त्या दोन खोल्यांतली माणसं एका शब्दानेही कुरकुरली नाहीत. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी भुसा बघितला होता. लोक धोकादायक घर सोडत नाहीत, नोटिशीला जुमानत नाहीत, ही तुमची तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि ती खरीही आहे. पण दरवर्षी तोच कागद आला आणि दरवर्षी घर उभंच राहिलं की माणूस कागदावरचा विश्वास गमावतो. मग ज्या वर्षी धोका खरा असतो त्या वर्षीही तो त्याकडे बघत नाही.

बाहेरून बघून चालत नाही, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. २७ सप्टेंबर २०१३ ला मुंबईत डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली, ६१ माणसं गेली. ती इमारत महापालिकेच्या मालकीची, राहणारी बरीच कुटुंबं पालिका कर्मचाऱ्यांचीच. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईसिद्धी कोसळली, १७ गेले. दोन्हीकडे तळमजल्यावर आतल्या आत केलेल्या फेरबदलांकडे बोट दाखवलं गेलं. रस्त्यावरून इमारत सरळ उभी दिसते. आत कोणी भिंत काढली, खांब तासला, हे आत गेल्यावरच कळतं. जून २०२२ मध्ये कुर्ल्याच्या नाईकनगरमध्ये १९ जण गेले. तिथे पाडण्याची नोटीस गेली होती, नंतर खासगी अभियंत्याच्या अहवालावर इमारतीची वर्गवारी बदलली होती. म्हणजे कागदावर तिचा धोका कमी झाला होता.

ही वर्गवारी काय असते, ते माझ्यासारख्या भाडेकरूंसाठी सांगते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली मार्गदर्शक सूचना दिल्या आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये नगरविकास विभागाच्या परिपत्रकाने वर्गवारी सगळ्या महापालिकांना लागू झाली. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, लगेच पाडायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२ बी म्हणजे माणसं न हलवता दुरुस्त करायची. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मालकाचा अभियंता एक सांगतो आणि भाडेकरूंचा दुसरं, तेव्हा पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीने दोन्ही अहवाल तपासून निकाल द्यायचा. काँक्रीटच्या इमारतींसाठी कोणत्या चाचण्या करायच्या तेही ठरलेलं आहे : रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ सेल, कोअर वगैरे. आमच्या माती-लाकडाच्या वाड्याला यातल्या बहुतेक चाचण्या लागू पडत नाहीत. इथे डोळा, हात आणि तो लांब स्क्रूड्रायव्हर लागतो. वाड्यांची पाहणी कशी करावी, याचा वेगळा नमुना जुनी गावठाणं असलेल्या महापालिकांनी तरी करायला हवा. आमच्या नोटिशीसोबत जोडलेल्या छापील तक्त्यात 'कॉलम', 'स्लॅब', 'बीम' असे रकाने होते आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. ज्या घरात स्लॅबच नाही तिथे स्लॅबपुढे खूण कोणी आणि काय बघून केली असेल?

भाडेकरूला ही खूण एवढी का बोचते, हेही समजून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये मालकाला जागेचा ताबा मिळण्याची कारणं दिली आहेत. पालिकेने तातडीने पाडण्याचा आदेश दिलेला असणं हे त्यातलं एक. म्हणजे तुमची सही तुमच्या लेखी सुरक्षिततेची असते, पण दुसऱ्या कोणासाठी ती वाड्याच्या दाराची किल्ली होऊ शकते. गावठाणातल्या जागेला आज काय भाव आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. घर पडलं की भाडेकरूचा हक्क संपला, असं आम्हाला वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. सांगलीतल्या एका खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बांधकाम गेलं तरी भाडेहक्क जात नाही. मुंबईतही पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या जागेचं क्षेत्रफळ मोजून नोंदवायचं, असं ठरलेलं आहे. आमच्या शहरात अशी मोजणी झालेली मी एकदाही पाहिली नाही. नोटिशीबरोबर ही मोजणी झाली, तिची प्रत हातात मिळाली, तर घर सोडताना माणसाचा जीव अर्धा हलका होईल. आज धोका पत्करून जे राहतात, त्यातले कितीतरी जण 'एकदा बाहेर पडलो तर परत आत येणं नाही' या एकाच भीतीने राहतात.

आमच्याही चुका आहेत, त्या मी झाकणार नाही. पाहणीला आलेल्या माणसाला आम्ही दारातूनच वाटेला लावतो. कुलूप घालून गावाला जातो. आमच्याच वाड्यात एकाने मधली भिंत काढून खोली मोठी केली, दुसऱ्याने पोटमाळ्यावर पाण्याची हजार लिटरची टाकी चढवली. सप्टेंबरात आलेल्या त्या तरुण अभियंत्याने टाकी बघितली आणि कपाळाला हात लावला. ती आम्ही उतरवली. सांगणारा माणूस समोर उभा राहून सांगत होता, म्हणून ऐकलं.

तुमच्यावरचा भारही मला दिसतो. एका कनिष्ठ अभियंत्याकडे अख्खा प्रभाग, त्यातच खड्डे, नालेसफाई, अतिक्रमणं, निवडणुकीचं काम. एप्रिल-मेच्या दोन महिन्यांत शेकडो घरं आतून बघणं एकट्याच्या आवाक्यातलं नाही. म्हणून हे पत्र आयुक्तांनाही आहे. पाहणी पावसाळ्याच्या तोंडावर कोंबू नका, दिवाळीनंतर सुरू करा. ओल तेव्हाही दिसते, उलट पावसाचे डाग ताजे असतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांची, निवृत्त अभियंत्यांची मदत घ्या. आणि जो अभियंता दीड तास घालवून घर बघतो त्याची 'आज किती घरं झाली' एवढ्यावरच मोजदाद करू नका.

तारखेचा मुद्दा राहिला. २० मेची नोटीस १८ जुलैला दारावर लागते, तेव्हा मधल्या दोन महिन्यांत घर पडलं असतं तर कागदोपत्री आम्हाला वेळेत इशारा मिळालेला होता. याहून जास्त मी काही म्हणत नाही. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बांधकामं पाडण्याबाबत देशभरासाठी निर्देश दिले. नोटीस नोंदणीकृत टपालाने द्यायची, वर दारावरही लावायची, किमान पंधरा दिवस द्यायचे. नोटीस गेली की लगेच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेल करायचा, म्हणजे मागची तारीख घालायला जागाच राहू नये. सुनावणी द्यायची, तिचं टिपण ठेवायचं. आदेशात कारणं लिहायची. पाडण्याआधीच्या पाहणी अहवालावर दोन पंचांच्या सह्या हव्यात, पाडकामाचं चित्रीकरण हवं, सगळं पालिकेच्या पोर्टलवर हवं. नियम मोडून पाडलं तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. हे निर्देश मुख्यतः अनधिकृत ठरवलेल्या बांधकामांसाठी आहेत. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गाची कड, नदी-तलाव यांवरच्या बांधकामांना ते लागू नाहीत, हे मला माहीत आहे. आज-उद्या पडणाऱ्या घराला पंधरा दिवस थांबा, असंही कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण अनधिकृत खोलीसाठी दोन पंचांच्या सह्या लागतात, तर पिढ्यान् पिढ्यांच्या अधिकृत घराला 'धोकादायक' म्हणताना का लागू नयेत? नोटीस निघाल्याच्या दिवशीच पोर्टलवर चढवायला कोणत्या कायद्याची आडकाठी आहे?

मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की कायद्यात 'नोटीस न देता हटवता येईल' असं असलं, तरी त्याचा अर्थ 'नोटीस देऊच नका' असा होत नाही. ऐकून घेणं हा नियम, न ऐकणं हा अपवाद. पदपथावर झोपणाऱ्याचं म्हणणं ऐकायचं, तर भाडेपावती दाखवणाऱ्याचंही ऐका.

माझ्याकडून एक करते. आमच्या वाड्याचा खोलीवार नकाशा आम्ही वहीत काढलाय. कुठे ओल आहे, कुठल्या तुळईला वाळवी लागली, कुठल्या भिंतीला कोणत्या वर्षी तडा गेला, सगळं तारखेनिशी. ती वही तुम्हाला दाखवायला तयार ठेवली आहे. इतर वाड्यांनीही अशी वही करावी, म्हणजे पाहणीला येणाऱ्याचा अर्धा वेळ वाचेल.

तो तरुण अभियंता आता दुसऱ्या प्रभागात गेला आहे. त्याच्या जागी जे कोणी याल, त्यांनी आधी तारीख कळवा, आम्ही अकराही दारं उघडी ठेवू. मागचा जिना अंधारा आहे, दिवा लावून ठेवते. वर येताना डावीकडून या. तिसरी पायरी हलते आहे, तिच्यापासूनच लिहायला सुरुवात करा.

आपली,
वाड्यातली एक भाडेकरू